साडेएकवीस कोयना

मराठी माणसाला निसर्ग आवडतो, पण त्याला पॉइंट लागतो. सूर्य मावळायचा तर सनसेट पॉइंटवर, हाक मारायची तर एको पॉइंटवर. पॉइंटला रेलिंग हवं, रेलिंगला टेकून फोटो हवा, आणि फोटो काढून वळलं की समोर कणीसवाला हवा. एवढं जमलं की निसर्ग बघून झाला. मग जेवायला कुठे थांबायचं तेवढंच ठरवायचं उरतं. अमेरिकेत वीस-वीस वर्षं काढली तरी ही खोड जात नाही. नायगारा आपल्याला इतका का आवडतो? एका जागी उभं राहून सगळा उरकता येतो म्हणून. ग्रँड कॅन्यन तर महाबळेश्वरच्याच कुणीतरी आखून दिल्यासारखी आहे. रांगेत पॉइंटच पॉइंट, आणि एका पॉइंटवरून दुसऱ्याला न्यायला फुकट बस.

अशा लोकांनी न्यू जर्सीतल्या पाइन बॅरन्समध्ये तंबू ठोकायला जावं, ही कल्पना आमच्या ग्रुपमध्ये कुणी काढली हे आता कुणीच कबूल करत नाही.

पाइन बॅरन्स म्हणजे राज्याच्या दक्षिणेला वाळूत उगवलेलं पाइनचं जंगल. पसारा जवळजवळ 11 लाख एकरांचा, म्हणजे राज्याच्या पाचव्या हिश्श्याहून मोठा. आणि राज्य कोणतं, तर साऱ्या अमेरिकेत सगळ्यात दाटीवाटीचं. शनिवारी संध्याकाळी ओक ट्री रोडवर पार्किंग शोधत फिरणाऱ्या माणसाला सांगून खरं वाटणार नाही की तासा-सव्वा तासावर एवढी मोकळी जागा पडली आहे. तसं आम्ही सगळ्यांनी ते जंगल पाहिलेलं होतं. अटलांटिक सिटीला जाताना एक्सप्रेसवेच्या दोन्ही बाजूंना जी झाडं लागतात, ती हीच. पण जाताना माणूस जिंकण्याच्या विचारात असतो आणि येताना बायकोला काय सांगायचं याच्या, त्यामुळे झाडांकडे लक्ष जात नाही.

बाबांनी मात्र सुरुवातीलाच कोंडीत पकडलं. बाबा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले.

"जावईबापू, पण तिथं बघण्यासारखं काय आहे?"

"जंगल आहे, बाबा."

"ते झालं. पण जंगलात काय आहे? धबधबा?"

"नाही."

"डोंगर?"

"एक टेकडी आहे. ॲपल पाय हिल. साधारण 200 फूट."

"पायथ्यापासून?"

"समुद्रसपाटीपासून."

बाबांनी चष्मा काढून पुसला. त्यांचं कॉलेज पुण्यात झालेलं. पर्वतीची पहिली पायरीसुद्धा या टेकडीच्या डोक्यावरून जाते, हा हिशेब त्यांनी पुसता पुसता केला असणार.

"मग वाघ-बिघ तरी?"

"बेडूक आहेत. झाडावरचे. हिरवे, बाजूला जांभळा पट्टा."

"बेडूक बघायला तंबूत राहायचं?"

"बघायला मिळतीलच असं नाही. रात्री आवाज ऐकू येतो."

यानंतर ते बोललेच नाहीत. फक्त स्वेटर घ्यायचा का एवढं लेकीला विचारलं.

तयारी. इथे ग्रुपमधले सगळे आयटीवाले असल्याने आधी एक्सेल शीट आली. वस्तू, नग, जबाबदारी, पर्यायी जबाबदारी, शेरा, असे रकाने. घर सोडून दोन रात्री निसर्गाच्या कुशीत राहायचं, हा मूळ हेतू शीटच्या पहिल्या ओळीतच होता; खालच्या ओळींत घर होतं. कुकर दोन, एक भाताला आणि एक "असू दे" म्हणून. पोळपाट-लाटणं. मिक्सर चालणार नाही म्हणून खलबत्ता, आणि खलबत्ता कोण कुटणार म्हणून मिक्सर, त्याला लागणारी बॅटरी वेगळी. चहाचं आलं किसायची छोटी किसणी, पोह्यांवर घालायच्या खोबऱ्याची मोठी किसणी. एका वहिनींनी शेरा या रकान्यात "फोडणीची पळी, माझी मलाच परत" असं लिहिलं होतं. कंपास कुणी आणायचा, हा रकाना शेवटपर्यंत रिकामा राहिला.

स्टेट पार्कची नियमावली वाचायचं काम माझ्याकडे होतं. एका जागेवर सहा माणसं, दोन तंबू. लाकडं घरून आणायची नाहीत, कारण लाकडाबरोबर कीड येते. जिथे जाळायची तिथलीच विकत घ्यायची. रात्री दहानंतर शांतता. दारू पूर्ण बंद. हा नियम मी ग्रुपवर टाकला तेव्हा पुरुषवर्गाने "आपण तशी घेतोच कुठे" अशा अर्थाचे अंगठे दाखवले आणि पुढचे नियम वाचणं सोडून दिलं. पुढच्यातला एक नियम असा होता की कॅम्पग्राउंडवर कचऱ्याचे डबे नाहीत. आपला कचरा आपण घरी न्यायचा. त्याच्याकडे येऊच.

आमची जागा व्हार्टन स्टेट फॉरेस्टमध्ये होती. डांबरी रस्ता सोडला तसा चाकांचा आवाजच बंद झाला. खाली वाळू. चौपाटीवरची पिवळट नव्हे. पांढरी, बारीक, पायाखाली कुरकुरणारी. तिथले लोक तिला शुगर सँड म्हणतात. वर पाइन, त्यांच्या सुया जमिनीवर गालिच्यासारख्या पसरलेल्या, आणि मधून वाहणारी नदी बिनदुधाच्या चहाच्या रंगाची. गढूळ नाही, पेल्यात घेतली तर आरपार दिसतं. सीडरच्या झाडांतलं टॅनिन आणि जमिनीतलं लोह मिळून तो रंग येतो. पूर्वी गलबतवाले लांबच्या सफरीला हेच पाणी भरून नेत, ते लवकर खराब होत नाही म्हणून, असं सांगतात. मुलं कपड्यांसकट त्यात उतरली आणि थेट उतरत्या उन्हापर्यंत बाहेर आली नाहीत. त्यांना कुठलाच पॉइंट लागला नाही.

मोठ्यांनी तंबू उभारायला घेतला. त्या जागेवर निदान चार इंजिनियर होते, आणि सूचनांचा कागद कोणी वाचायचा यावर त्यांचं एकमत झालं, की वाचायची गरज नाही. तंबू उभाही राहिला. पण वाळूत खुंटी धरेना. ठोकली की जायची खोल, आणि दोरी ओढली की यायची बाहेर, तुपातल्या चमच्यासारखी नव्हे, कारण तूपसुद्धा थोडा विरोध करतं. वाऱ्याची झुळूक आली आणि तंबू शेजारच्या जागेवरच्या एका गोऱ्या जोडप्याच्या टेबलाकडे निघाला. चौघांनी चार कोपरे धरले आणि तसेच उभे राहिले. आता पुढे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. यूट्यूब बघायला रेंज नव्हती.

बाबा इतका वेळ फोल्डिंगच्या खुर्चीवर बसून होते. ते उठले, जळाऊ लाकडांतली हातभर लांबीची चार उचलली, प्रत्येकाच्या मध्यावर दोरी बांधली, पायाने वाळूत हातभर खोल चर काढला, त्यात लाकूड आडवं ठेवलं, वर वाळू लोटली आणि टाचेने दाबली. "उभी खुंटी मातीत. वाळूत आडवी," एवढंच म्हणाले. दोरीवर दोघे लटकले तरी ती हलली नाही. शेजारचा गोरा माणूस येऊन बघून गेला. नंतर पाहतो तर त्यानेही आपल्या खुंट्या उपटून लाकडं पुरायला घेतली होती.

त्यानंतर बाबांचा मूड जरा बदलला. पण खरं वारं फिरलं ते हापशावर.

त्या कॅम्पग्राउंडवर नळ नव्हता, हापसा होता. अगदी आपल्या गावाकडे असतो तसा, लोखंडी, लांब दांड्याचा. आमची मुलं त्याच्याभोवती उभी राहून तो चालू करायचं बटण शोधत होती. बाबांनी दांडा धरला, दोन-चार हिसडे दिले, आतून घशाला कोरड पडल्यासारखा आवाज आला आणि मग पाणी आलं. थंडगार. ओंजळ नाकाशी नेली तर लोखंडाचा किंचित वास. बाबांनी हापसणं थांबवलं नाही. बादली भरली, कॅन भरले, शेजारच्या गोऱ्यांचा जग भरला.

"किती फुटांवर लागतं पाणी इथं?"

हा प्रश्न येणार याचा मला अंदाज होता, म्हणून मी थोडं वाचून ठेवलं होतं. सांगितलं, की जंगल वरवरचं आहे, खरा माल खाली आहे. ही वाळू पाऊस पडला की पडल्या जागी पिऊन टाकते. वाहून जाणं नाही, साठणं नाही. सगळं सरळ खाली, कर्कवुड-कोहॅन्सी नावाच्या भूजलसाठ्यात. तिथे 17 ट्रिलियन गॅलन पाणी आहे असं मानतात.

"ट्रिलियन म्हणजे?"

"लाख कोटी."

"17 लाख कोटी गॅलन." बाबांनी खिशातून बॉलपेन काढला. कागद मिळेना, म्हणून पोह्यांच्या रिकाम्या पुड्यावर हिशेब सुरू झाला. अमेरिकन गॅलनचे घनफूट, घनफुटांचे टीएमसी. मधे एकदा त्यांनी शून्यं मोजायला नातवाला बसवलं. कांदा चिरायचा थांबला होता, कारण वहिनींचा कांदा त्याच पुड्यावर होता.

"2,270 टीएमसी," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "कोयना 105."

आम्ही गप्प.

"साडेएकवीस कोयना!" ते पायाखालच्या वाळूकडे बघत होते. "साडेएकवीस कोयना पाण्यावर उभे आहात तुम्ही, आणि वर भेळ करताय."

पाटबंधारे खात्यात हयात काढलेल्या माणसाला धरण नाही, भिंत नाही, विस्थापित नाहीत, कालवा समिती नाही, आणि तरीही पाणी आहे, हे पचवायला वेळ लागतो. त्यांनी दोन वेळा चहा मागितला. त्यात मी जोसेफ व्हार्टनची गोष्ट सांगितली. व्हार्टन म्हटल्यावर आमच्या ग्रुपचे कान टवकारतात, कारण प्रत्येक घरातलं एक तरी पोर आईबापांच्या मनात त्या बिझनेस स्कूलला लागलेलंच असतं. तर तेच व्हार्टन. फिलाडेल्फियाचे बडे कारखानदार. 1876 मध्ये त्यांनी इथलं बॅट्स्टो गाव घेतलं आणि मग आजूबाजूची जमीन घेतच सुटले. बेत असा, की इथलं पाणी नळाने फिलाडेल्फियाला न्यायचं आणि विकायचं. न्यू जर्सीच्या विधिमंडळाने कायदा केला, की राज्याचं पाणी राज्याबाहेर जाणार नाही. झालं. ज्यांच्या नावाने आज जगाला धंदा शिकवतात, त्यांचा हा धंदा बसला. पुढे 1950 च्या दशकात ही सगळी जमीन राज्याने विकत घेतली, आणि धंद्यात बसलेल्या माणसाच्या नावाने जंगल उभं राहिलं.

"लवाद नेमला नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"कृष्णा लवादाच्या फायली उचलून उचलून आमची कंबर गेली. इथं एका कायद्यात निकाल?" आणि ते मनापासून हसले. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच.

भेळ मात्र वाळूची झाली होती. दाताखाली कचकच. शेव, कुरमुरे, न्यू जर्सी. दुसऱ्या दिवशीपर्यंत ती पोळीत, चहात, टूथब्रशवर, कॉन्टॅक्ट लेन्सच्या डबीत सगळीकडे पोचली. एका वहिनींनी कणीक मळताना हात थांबवून वर आकाशाकडे पाहिलं, तो क्षण मी विसरणार नाही.

संध्याकाळी शेकोटी. त्या आठवड्यात पाऊस होऊन गेला होता म्हणून परवानगी होती. कोरड्या दिवसांत इथे साधी काडी ओढायलाही बंदी असते, आणि ते बरोबरच आहे. 1963 च्या एप्रिलमध्ये एका शनिवार-रविवारात दीड लाखाहून जास्त एकर जळाले होते. मजा अशी की झाडांना त्याचं काही वाटत नाही. इथला पिच पाइन जळून कोळसा झाला तरी खोडातूनच पुन्हा हिरवा फुटतो. काही झाडांची फळं तर राळेने घट्ट बंद असतात. आग लागल्याशिवाय उघडतच नाहीत. तसलं एक नातवाने शोधून आणलं आणि शेकोटीच्या कडेच्या दगडावर ठेवलं. आधी नुसती राळ चमकली. मग बारीक तडतड झाली आणि एकेक खवला मागे वळायला लागला, हळूहळू. आतून पंखाचं बी निसटून राखेत पडलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. पाठीमागे डाळ उतू गेली.

गोष्टींची वेळ झाली तशी जर्सी डेव्हिल आला. दंतकथा अशी, की 1735 मध्ये इथल्या लीड्स नावाच्या बाईला तेराव्यांदा दिवस गेले आणि ती वैतागून म्हणाली, हे तरी सैतानाचं होऊ दे. झालं ते सैतानाचंच: घोड्याचं तोंड, वटवाघळाचे पंख, खूर आणि शेपूट. ते धुराड्यातून उडून जंगलात गेलं. 1909 च्या जानेवारीत तर आठवडाभर इतक्या जणांना ते दिसलं, की काही गावांत शाळा नि गिरण्या बंद ठेवल्या. आपल्या मुलांच्या टीशर्टवर जे न्यू जर्सी डेव्हिल्स असतात, त्या आइस हॉकी संघाचं नाव यावरूनच पडलं.

मुलं एकमेकांना चिकटली. पण इतिहासाचे काही अभ्यासक या सैतानाचा जो उगम सांगतात, तो मला त्याहून आवडतो. लीड्स हे इथलं खरं घराणं, आणि त्यांचा व्यवसाय पंचांगाचा. डॅनियल लीड्स यांनी ग्रहताऱ्यांवर लिहिलं म्हणून क्वेकर मंडळी खवळली. त्यांचा मुलगा टायटन याला तर साक्षात बेंजामिन फ्रँकलिन प्रतिस्पर्धी मिळाले. फ्रँकलिन यांनी स्वतःचं पंचांग काढलं आणि त्यात जाहीर केलं, की टायटन लीड्स 17 ऑक्टोबर 1733 रोजी दुपारी 3 वाजून 29 मिनिटांनी मरणार. ती वेळ उलटली, टायटन जिवंत. त्याने तसं रागारागाने छापलं. फ्रँकलिन यांनी शांतपणे उत्तर दिलं, की टायटन सज्जन होता, तो असं असभ्य लिहिणार नाही. त्या अर्थी तो मेलाच असला पाहिजे. बिचारा खरंच मरेपर्यंत भूत म्हणून जगला. त्या घराण्याच्या नावाला चिकटलेलं भुताखेताचं पुढे वाढत वाढत सैतानापर्यंत गेलं म्हणतात.

"म्हणजे पंचांगवाल्यांची भाऊबंदकी," बाबा म्हणाले. "आमच्याकडं यात एकादशी दोन होतात, राक्षस नाही होत."

रात्री डेव्हिल आला नाही, व्हिप-पुअर-विल आला. हा रातव्याच्या कुळातला पक्षी. आकाराने मैनेएवढा असेल, पण अंधार पडला की स्वतःचं नाव घ्यायला बसतो, आणि थांबत नाही. विपुऽरविल, विपुऽरविल, विपुऽरविल. पहिल्या पाच मिनिटांत आम्ही "किती गोड" म्हणालो. पुढच्या दहात "आता बास". जॉन बरोज या निसर्गलेखकाने एकदा एका दमात 1,088 हाका मोजल्याची नोंद आहे. पुढे त्याने काय फेकून मारलं याची नाही. रात्री दहानंतर शांतता हा नियम फक्त माणसांना लागू आहे, असं रेंजरबाईंनी सकाळी हसत सांगितलं.

त्याआधी गोचीड-तपासणी झाली होती. जंगलात आलो की रात्री अंगभर गोचीड शोधायची हा इथला रिवाज. मान, काखा, गुडघ्यामागची खळगी, टॉर्च लावून. एरवी जी माणसं एकमेकांना "अहो-जाहो" करतात ती कुणाच्या तरी कानामागे टॉर्च धरून "हलू नका" म्हणत होती. बारीक हरणगोचीड लाइम रोग देते एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण पाठीवर पांढरा ठिपका असलेली दुसरी एक असते, लोन स्टार नावाची, आणि तिच्या चाव्याने काही माणसांना मटणाचीच ॲलर्जी होते. मासे चालतात, कोंबडी चालते. बोकड मात्र बंद. ही माहिती मी दिली तेव्हा कूलरमध्ये तीन किलो मटण मुरत होतं. आमच्यातला कोल्हापूरचा गडी क्षणभर काहीच बोलला नाही. मग त्याने पायमोजे पँटवर चढवले, वर दुसरे पायमोजे चढवले, फुलशर्ट कॉलरपर्यंत बंद केला आणि उरलेली सहल तशीच काढली, भर उन्हात. मरणाची भीती माणसाला असते. पण चावून जन्मभराचा श्रावण लावणारा किडा, ही गोष्ट वेगळी आहे.

दुसऱ्या दिवशी बॅट्स्टो गावाला गेलो. बाबा खूश, कारण तिथे बोर्ड आहे, नकाशा आहे. म्हणजे पॉइंटच. 1766 मध्ये इथे लोखंडाचा कारखाना निघाला. खाण नाही, डोंगर नाही, तरी लोखंड. नदीच्या तांबूस पाण्यातलं लोह दलदलीत साचून त्याचे थर होतात. ते काढून भट्टीत घालायचे. स्वातंत्र्ययुद्धात इथले तोफगोळे गेले. पुढे पेनसिल्व्हेनियाचा कोळसा आणि लोखंड स्वस्त पडायला लागलं आणि इथला कारभार आटोपला.

"भट्टी कुठंय?" बाबांनी विचारलं.

भट्टी राहिलेली नाही. मालकाचा वाडा आहे, पिठाची गिरणी आहे, कामगारांची लाकडी घरं आहेत. ज्यासाठी गाव झालं ती भट्टीच नाही.

तेव्हा मला या प्रदेशाची गोम कळायला लागली. 1960 च्या दशकात इथे प्रचंड मोठा विमानतळ आणि अडीच लाख वस्तीचं नवं शहर करायचं घाटत होतं. झालं नाही. जॉन मॅकफी यांनी 1968 मध्ये या जंगलावर पुस्तक लिहिलं, ते पुढे ब्रेंडन बर्न या गव्हर्नरांच्या वाचनात आलं. 1978 मध्ये केंद्राने इथे देशातलं पहिलं नॅशनल रिझर्व्ह जाहीर केलं आणि 1979 मध्ये बर्न यांनी राज्याचा कायदा करून घेतला. पुस्तक वाचून राजकारणी माणसाने काहीतरी केलं, हे सांगितल्यावर बाबांनी पुन्हा चष्मा पुसला. 'सोप्रानोज' या मालिकेचा एक गाजलेला भाग याच जंगलाच्या नावाचा आहे, दोन गुंड बर्फात वाट चुकतात तो. त्याचंही चित्रण इथे झालं नाही, न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरिमन पार्कमध्ये झालं. विमानतळ झाला नाही, शूटिंग झालं नाही, सैतान दिसत नाही, पाणी जमिनीखाली. बघण्यासारखं जे काही आहे ते सगळं इथे घडायचं राहून गेलेलं आहे, आणि शेतीला नालायक म्हणून ज्यांनी याला बॅरन्स म्हटलं त्यांच्या कृपेने राहून गेलेलं आहे.

नालायक तरी किती? हॅमंटनच्या रस्त्यावर ब्लूबेरीच्या टोपल्या मांडलेल्या होत्या. त्या आधी रानातच असायच्या. क्रॅनबेरीवाल्या घरातल्या एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी रानात फिरणाऱ्या लोकांना भोकं पाडलेली पट्टी दिली आणि सांगितलं, या भोकातून न जाणारं फळ ज्या झुडपावर मिळेल ते मला दाखवा. ज्याने झुडूप शोधलं त्याचं नाव त्या जातीला. फ्रेडरिक कॉव्हिल या वनस्पतीशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी कलमं केली आणि 1916 मध्ये लागवडीची ब्लूबेरी पहिल्यांदा बाजारात आली. रूबेल ही त्यातलीच एक जात, रूब नावाच्या शोधणाऱ्यावरून. वहिनींनी चार टोपल्या घेतल्या, त्याही घासाघीस करून.

परतीच्या वाटेवर आमच्यातल्या एकाच्या नव्या कोऱ्या एसयूव्हीने जवळचा रस्ता धरला. नकाशावर तो रस्ता होताही. शंभर पावलांवर चाकं पोटापर्यंत वाळूत. त्याने ॲक्सिलरेटर दाबला, गाडी आणखी बसली. गाडीच्या ब्रोशरवर ती वाळवंटातून धुरळा उडवत जाताना दाखवली होती, हे त्याने आम्हाला तीन वेळा सांगितलं. तेवढ्यात एक जुनाट पिकअप आला. आतून पांढऱ्या दाढीचा आजोबा उतरला, टोपीवर मोठ्या अक्षरांत 'पायनी'. शहरातले लोक पूर्वी इथल्यांना हिणवायला हा शब्द वापरत. आता ते तो टोपीवर छापून घेतात. आजोबाने काहीएक न बोलता चारही टायरांतली निम्मी हवा सोडली. आमचा मित्र अक्षरशः कळवळला. मग पट्टा लावून दोन झटक्यांत गाडी बाहेर. पैसे घेईना. शेवटी वहिनींनी चकल्यांचा डबा पुढे केला. त्याने एक घेतली, तिचा आकार नीट बघितला, खाल्ली, आणि डबाच ठेवून घेतला.

राहिला कचरा. चार काळ्या पिशव्या: कांद्याची सालं, मटणाची हाडं, डायपर आणि उन्हाची दोन दिवसांची मेहनत. नवी गाडी म्हणाली, नवी आहे. दुसरी म्हणाली, आमच्यात बाळ आहे. तिसऱ्यात बाबा होते आणि ती माझी होती. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर आयटीवाल्यांनी राउंड रॉबिन काढला: प्रत्येक थांब्यावर पिशव्या पुढच्या गाडीत जायच्या. पहिली पाळी पेट्रोल पंपावर बदलली. दुसरी टर्नपाइकवरच्या जॉइस किल्मर थांब्यावर बदलायची होती. झाडांवर कविता लिहून प्रसिद्ध झालेला हा इथला कवी. त्याच्या नावाच्या पार्किंगमध्ये आम्ही तिघे डिक्या उघडून नाक दाबून उभे, आता मोजणी अंतराने करायची की वेळेने यावर वाद घालत. बायको गाडीतून उतरली, दोन पिशव्या तिने उचलल्या, दोन बाबांना दिल्या, आणि दोघं पंधरा पावलांवरच्या मोठ्या पिंपाशी जाऊन हात झटकत परत आली.

"चला," ती म्हणाली, "चहा प्यायचाय का कुणाला?"

वाद मात्र मिटलेला नाही. शीटमध्ये 'कचरा' या रकान्यापुढे अजून माझंच नाव आहे.